रॉनी व्हॅन झँटची हॅट, टी-शर्ट आणि अनवाणी पाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनर्ड स्किनर्ड हा अमेरिकन रॉक बँड ऐकणारे मराठी लोक तसे विखुरलेले, पण भेटले की गप्पा हमखास एका वळणावर येतात: रॉनी स्टेजवर अनवाणी का असायचा, ती काळी हॅट कुठली, आणि ज्याच्याशी भांडण म्हणतात त्याचाच टी-शर्ट त्याने का घातला? या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. रॉनीचे कपडे हा किरकोळ विषय आहे असं मला वाटत नाही. तो मुलाखतींत जे अर्धवट बोलला, ते त्याने अंगावर घालून पुरतं सांगितलं.

रॉनी व्हॅन झँट म्हणजे नेमका कोण?

लिनर्ड स्किनर्डचा गायक, बहुतेक गाण्यांचे शब्द लिहिणारा आणि बँडचा खरा कारभारी. जन्म १५ जानेवारी १९४८, फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल. वडील लेसी ट्रक चालवायचे. शहराच्या पश्चिमेकडच्या ज्या कष्टकरी वस्तीत तो वाढला, तिला तिथले लोक शँटीटाउन म्हणत. त्याला बेसबॉल आवडायचा, बॉक्सिंग आवडायचं, आणि सगळ्यात जास्त मासे पकडत बसणं आवडायचं. ब्लूज, कंट्री आणि रॉक एकत्र मुरून जे संगीत तयार झालं त्याला सदर्न रॉक म्हणतात. ऑलमन ब्रदर्सनंतर ते घराघरांत नेण्याचं मोठं काम या बँडने केलं. पहिला अल्बम १९७३ च्या ऑगस्टमध्ये आला, आणि २० ऑक्टोबर १९७७ ला रॉनी विमान अपघातात गेला. वय २९. जे काही केलं ते या चार वर्षांत.

धाकटे दोघे भाऊही गायक. डॉनी 'थर्टीएट स्पेशल' या बँडमध्ये गेला, आणि जॉनी १९८७ पासून स्किनर्डमध्ये रॉनीच्या जागी उभा आहे.

तो स्टेजवर काय घालायचा?

जीन्स, टी-शर्ट, काळी रुंद काठाची हॅट, आणि बहुतेक वेळा पायांत काहीच नाही. बस, एवढंच.

हे साधं वाटतं, पण काळ लक्षात घ्या. १९७३ ते ७७ ही चकचकीत कपड्यांची वर्षं. लंडनकडचे गायक साटीन, टिकल्या, उंच टाचांचे बूट घालून येत होते. नॅशव्हिलच्या कंट्री गायकांच्या कोटांवर भरतकाम आणि खडे असायचे. या दोन्ही जगांच्या मधोमध हा माणूस असा यायचा की, तिकीट काढून समोर उभा असलेला गिरणीतला किंवा गॅरेजमधला पोरगा आणि तो, यांच्यात फरक फक्त हॅटचा. नाचायचाही नाही. माईकस्टँड धरून, थोडं वाकून, जवळजवळ एका जागी उभा राहून गायचा. मागे तीन गिटारी गरजत असताना समोरचा माणूस इतका स्थिर असतो, याचा परिणाम चित्रफितीतसुद्धा जाणवतो. अंगावर लक्ष वेधणारं काही नसल्यामुळे माणसं शब्द ऐकायची. माझ्या मते तो पोशाख निवडण्यामागे हेच होतं, त्याने ते तसं ठरवून केलं असो किंवा नसो.

अनवाणी का?

त्याच्या जवळच्या माणसांनी सांगितलेलं कारण असं की, पायाखाली स्टेज तापलेलं जाणवलं पाहिजे अशी त्याची इच्छा असायची. त्या काळचे दिवे भयंकर तापायचे, फळ्या खरंच गरम होत.

याला एक पार्श्वभूमीही आहे. प्रसिद्धी मिळण्याआधी हा बँड ग्रीन कोव्ह स्प्रिंग्जजवळ, ओढ्याकाठच्या एका पत्र्याच्या छपराच्या खोपटात सराव करायचा. फ्लोरिडाचा उन्हाळा, दमट हवा, एसी नाही. पोरांनी त्या जागेला 'हेल हाउस' नाव ठेवलं. रॉनी सकाळी सगळ्यांना गोळा करायचा आणि संध्याकाळपर्यंत तीच तीच गाणी घोटून घ्यायचा. सोलोसुद्धा आधी बसवलेले असायचे, स्टेजवर सुचेल ते वाजवणं त्याला चालत नसे. अशा जागी दिवसच्या दिवस काढणाऱ्याला बूट जड वाटले तर नवल नाही. ते खोपट आता उरलेलं नाही, त्या जागी घरांची वसाहत झाली आहे.

आपल्याकडे गाणारा माणूस चपला काढूनच बैठकीवर बसतो, म्हणून काही जण यात श्रद्धेचा भाग शोधतात. तसा काही संबंध लावू नये. हा फ्लोरिडाच्या पोराचा स्वभाव होता.

काळी हॅट कुठली?

टेक्सासमधल्या 'टेक्सास हॅटर्स' या दुकानाची. मॅनी गॅमेज हे तिथले नामांकित कारागीर, आणि संगीतातल्या अनेकांच्या हॅट त्यांच्या हातच्या. रॉनीशी जोडला गेलेला नमुना 'हाय रोलर' या नावाने ओळखला जातो. हे दुकान आज लॉकहार्ट या गावात आहे.

हॅट काळी, फेल्टची, काठ रुंद. तिची सावली डोळ्यांवर पडते, त्यामुळे रॉनीच्या अनेक छायाचित्रांत डोळे नीट दिसतच नाहीत, दिसतो तो दाढीचा खालचा भाग आणि माईक. फोटो पाहणाऱ्याला हा माणूस उद्दाम वाटतो. चालत्या चित्रफितीत मात्र तो गाण्यांच्या मध्ये प्रेक्षकांशी मऊ आवाजात, शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलतो. एकदा दोन्ही पाहाच.

नील यंगशी त्याचं वैर होतं ना? मग त्याचा टी-शर्ट कसा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर थोडं सविस्तर द्यायला हवं.

नील यंग हा कॅनडाचा गायक. त्याने १९७० मध्ये 'सदर्न मॅन' आणि १९७२ मध्ये 'अलाबामा' ही गाणी केली. दोन्हींत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या वर्णद्वेषावर थेट बोट ठेवलेलं होतं. १९७४ मध्ये रॉनी आणि बँडमधले गिटारवादक गॅरी रॉसिंग्टन व एड किंग या तिघांनी 'स्वीट होम अलाबामा' केलं. त्यात नील यंगचं नाव घेऊन सुनावलेलं आहे: सगळ्या दक्षिणेला एकाच काठीने हाकू नकोस, तुझी इथे गरज नाही. ते गाणं बिलबोर्डच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि तेव्हापासून लोकांनी ठरवून टाकलं की हे दोघे एकमेकांचे शत्रू.

शत्रू ते कधीच नव्हते. रॉनी यंगच्या गाण्यांचा मनापासून चाहता होता. यंगचा 'टुनाइट्स द नाइट' हा अल्बम १९७५ मध्ये आला. ड्रग्जमुळे गमावलेल्या दोन जवळच्या माणसांच्या शोकातून तो उतरलेला आहे, आणि तो शोक त्याने जराही घासूनपुसून घेतलेला नाही. त्या अल्बमचा टी-शर्ट रॉनी घालायचा. २ जुलै १९७७ ला ओकलंडच्या स्टेडियममध्ये भर उन्हात हजारो लोकांसमोर त्याने तोच घातला होता. 'स्ट्रीट सर्व्हायव्हर्स' या अल्बमच्या मुखपृष्ठावरही त्याच्या अंगात नील यंगचाच टी-शर्ट आहे.

आता विचार करा. त्या मैदानात 'स्वीट होम अलाबामा' ऐकायला आलेल्यांपैकी कितीतरी जणांना वाटत असणार की आपला रॉनी त्या यंगला चांगला हाणतोय. आणि रॉनी त्याच यंगचं नाव छातीवर घेऊन ते गाणं म्हणतोय. याहून स्पष्ट खुलासा दुसरा काय असू शकतो? मतभेद गाण्यात, मान टी-शर्टवर. मला रॉनीबद्दल जे प्रेम वाटतं त्यातलं निम्मं या एका टी-शर्टमुळे आहे.

दुसरी बाजूही तितकीच दिलदार. यंगने 'पावडरफिंगर' हे गाणं स्किनर्डसाठी पाठवलं होतं. ते रेकॉर्ड करण्याआधी अपघात झाला, आणि १९७९ मध्ये यंगने स्वतःच ते प्रसिद्ध केलं. अपघातानंतर महिन्याभरात, नोव्हेंबर १९७७ मध्ये, मायामीतल्या कार्यक्रमात त्याने आपलं 'अलाबामा' वाजवता वाजवता 'स्वीट होम अलाबामा'त शिरून गेलेल्यांना मानवंदना दिली. पुढे आत्मचरित्रात त्याने मोकळेपणाने लिहिलं की, आपल्या गाण्याला तो टोला मिळायलाच हवा होता, कारण आपले शब्द पुरेसा विचार करून लिहिलेले नव्हते.

पुढच्या पिढीतल्या दक्षिणेच्या संगीतकारांनीही ही मैत्री जपली. 'ड्राइव्ह-बाय ट्रकर्स' या बँडने २००१ मध्ये स्किनर्डभोवती एक अख्खा दुहेरी अल्बम रचला, त्यात या दोघांच्या नात्यावर एक स्वतंत्र गाणं आहे.

लांब केसांची आणि शाळेच्या सरांची गोष्ट खरी आहे का?

खरी. जॅक्सनव्हिलच्या रॉबर्ट ई. ली हायस्कूलमध्ये लेनर्ड स्किनर नावाचे पीटीचे सर होते. मुलांनी लांब केस ठेवायचे नाहीत हा नियम ते कडक पाळून घेत. गॅरी रॉसिंग्टन त्यात सापडला. बँडने सरांच्याच नावाची अक्षरं फिरवून आपलं नाव घेतलं. पुढे सरांशी सगळ्यांचं छान जमलं. सर २०१० मध्ये गेले. ती शाळा आज रिव्हरसाइड हायस्कूल या नावाने ओळखली जाते.

बँडमधले बाकीचेही असेच साधे असायचे?

नाही. बास वाजवणारा लिऑन विल्किसन हॅटचा भलताच शौकीन होता, इतका की त्याचं टोपणनावच 'मॅड हॅटर' पडलं. दरवेळी डोक्यावर नवं काहीतरी. गिटारवादक अॅलन कॉलिन्स उंच, सडपातळ, उड्या मारत वाजवणारा. मागे कॅसी गेन्स, जोजो बिलिंग्सली आणि लेस्ली हॉकिन्स या तीन गायिका, 'हॉन्केट्स'. म्हणजे स्टेजवर रंग आणि हालचाल भरपूर होती, आणि त्या गर्दीत मधला माणूस शांत उभा.

'स्ट्रीट सर्व्हायव्हर्स'चं मुखपृष्ठ का बदललं?

अल्बम १७ ऑक्टोबर १९७७ ला आला. मुखपृष्ठावर सगळा बँड एका रस्त्यावर उभा आहे आणि भोवती ज्वाळा आहेत. गिटारवादक स्टीव्ह गेन्स तर आगीने वेढल्यासारखा दिसतो. तीन दिवसांनी अपघात झाला आणि स्टीव्ह त्यात गेला. त्याच्या पत्नीच्या विनंतीवरून कंपनीने ते चित्र मागे घेतलं. नव्या मुखपृष्ठावर बँड काळ्या पार्श्वभूमीवर उभा आहे. तीसएक वर्षांनी निघालेल्या खास आवृत्तीत ज्वाळांचं चित्र परत आलं.

जुन्या बाजारात ज्वाळांची मूळ प्रत जास्त किमतीला जाते. घेणाऱ्याने घ्यावी, पण एका बाईने दुःखात केलेली ती विनंती विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

अपघात कसा झाला?

१९ ऑक्टोबरला दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलमध्ये कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी भाड्याच्या कॉन्व्हेअर विमानाने बँड लुइझियानातल्या बॅटन रूजला निघाला. इंधन संपलं, दोन्ही इंजिनं बंद पडली, आणि विमान मिसिसिपीतल्या गिल्सबर्गजवळच्या झाडीत कोसळलं. चौकशीत वैमानिकांनी इंधनाकडे पुरेसं लक्ष दिलं नाही हे मुख्य कारण ठरलं, आणि उजव्या इंजिनातल्या बिघाडाने नेहमीपेक्षा जास्त इंधन खाल्लं हेही नोंदवलं गेलं. विमानात २६ जण होते. रॉनी, स्टीव्ह गेन्स, त्याची बहीण कॅसी, व्यवस्थापनातला डीन किलपॅट्रिक आणि दोन्ही वैमानिक असे सहा जण गेले. ड्रमर आर्टिमस पाइल जखमी अवस्थेत झाडीतून चालत एका शेतघरापर्यंत पोचला आणि मदत मागितली. गावकरी रात्रीच्या अंधारात चिखलातून, ओढ्यातून वाट काढत जखमींपर्यंत गेले. त्या गावकऱ्यांचं ऋण चाहते आजही मानतात.

त्याला नील यंगच्या टी-शर्टमध्येच पुरलं, हे खरं का?

ही दंतकथा आहे. पुरावा म्हणून कुणीही काही दाखवलेलं नाही. पण या दंतकथेने जे घडवलं ते मात्र खरं आहे.

रॉनी आणि स्टीव्ह या दोघांच्या स्मारक-कबरी जॅक्सनव्हिलजवळच्या ऑरेंज पार्कच्या दफनभूमीत होत्या. २९ जून २००० ला कुणीतरी रात्री त्या फोडल्या. रॉनीची शवपेटी बाहेर ओढून जमिनीवर टाकली. स्टीव्हच्या अस्थींची पिशवी फाडली, काही राख गवतावर सांडली. टी-शर्टची गोष्ट खरी की खोटी ते बघायला कुणीतरी आलं असावं, असं तेव्हापासून बोललं जातं.

कुटुंबाने त्यानंतर रॉनीला तिथून हलवलं. आता तो जॅक्सनव्हिलच्या रिव्हरसाइड मेमोरियल पार्कमध्ये आई-वडिलांजवळ आहे. ऑरेंज पार्कची रिकामी वास्तू चाहत्यांसाठी तशीच ठेवली आहे.

टी-शर्टची ती गोष्ट सांगायला सगळ्यांना आवडते, कारण ऐकायला सुंदर आहे. मी कुणाला ती 'खरी घटना' म्हणून सांगत नाही, आणि तुम्हीही सांगू नका. ज्या अफवेपायी एका घरावर पुन्हा अंत्यविधीची वेळ आली, ती पुढे ढकलताना निदान 'म्हणतात' हा शब्द जोडावा. रॉनीने तो टी-शर्ट जिवंतपणी, उजेडात, सगळ्यांसमोर घातला. तेवढं पुरेसं आहे.

माईकवर हॅट ठेवण्याची प्रथा कुठून आली?

अपघातानंतर वाचलेल्यांनी बँडचं नाव थांबवलं. १९७९ च्या जानेवारीत गायक चार्ली डॅनियल्सच्या 'व्हॉलंटियर जॅम' या कार्यक्रमात ते एकत्र आले आणि 'फ्री बर्ड' हे आपलं गाजलेलं गाणं नुसतं वाजवलं, गायलं कुणीच नाही. १९८७ मध्ये अपघाताला दहा वर्षं झाली म्हणून श्रद्धांजलीचा दौरा निघाला. जॉनी बाकीची गाणी गायला, पण 'फ्री बर्ड' भावाचं म्हणून त्याने सोडलं. माईकस्टँड रिकामा, त्यावर हॅट, वरून एक दिवा. बँड वाजवायचा आणि शब्द हजारो लोक गायचे.

नंतर जॉनी ते गाणं गाऊ लागला. आता मोठ्या पडद्यावर रॉनीची चित्रफीत लावतात आणि शेवटचा भाग त्याच्या आवाजात ऐकवतात. तंत्र म्हणून हे उत्तम आहे. तरी मला १९८७ ची ती रीत जास्त भिडते, कारण तिथे गायकाची जागा प्रेक्षकांनी घेतली होती.

त्याच दौऱ्यावरून नावाच्या हक्काचा वाद कोर्टात गेला आणि रॉनीची पत्नी जूडी हिच्या बाजूने अटी ठरल्या. नाव वापरायचं असेल तर अपघाताआधीचे ठरावीक सदस्य बँडमध्ये हवेत, अशी एक अट होती. मूळ सदस्यांपैकी शेवटचा गॅरी रॉसिंग्टन ५ मार्च २०२३ ला गेला.

जुन्या टी-शर्टवर जो झेंडा दिसतो त्याचं काय?

स्पष्टच लिहितो. तो निळ्या फुलीचा, ताऱ्यांचा लाल झेंडा कॉन्फेडरेट सैन्याचा. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी वेगळी झालेली दक्षिणेकडची राज्यं त्याखाली लढली. सत्तरच्या दशकात स्किनर्डच्या मागे तो स्टेजभर टांगलेला असायचा. रेकॉर्ड कंपनीने जाहिरातीसाठी ती कल्पना आणली असं बँडमधल्यांनी नंतर सांगितलं, पण त्यांनी तो वापरला हेही तितकंच खरं. २०१२ मध्ये गॅरी रॉसिंग्टनने सांगितलं की, द्वेष पसरवणाऱ्या टोळ्यांनी तो झेंडा पळवला आहे, म्हणून आम्ही त्यापासून दूर जातोय. चाहत्यांचा एक गट भडकला, आणि त्याला आपलं म्हणणं सौम्य करावं लागलं.

रॉनीची गाणी या झेंड्याहून मोठी आहेत. 'कर्टिस लो' या गाण्यात एक गोरा पोरगा बाटल्या विकून पैसे जमवतो, ते एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय ब्लूज वादकाला देतो आणि त्याचं वादन ऐकतो. गावाने ज्याला कवडीमोल ठरवलं, त्याला ते गाणं सगळ्यांत थोर वादक म्हणतं. 'सॅटर्डे नाइट स्पेशल'मध्ये त्याने स्वस्त पिस्तुलांविरुद्ध लिहिलं, तेही बंदुका घराघरांत असलेल्या प्रेक्षकांसाठी.

आपल्याकडे ऑनलाइन मिळणाऱ्या अनेक टी-शर्टवर अजून तो झेंडा असतो, आणि घेणाऱ्याला ती नुसती नक्षी वाटते. कृष्णवर्णीय अमेरिकन माणसाला तो काय सांगतो याचा विचार करा. झेंड्याशिवायचे टी-शर्ट भरपूर मिळतात, ते घ्या.

चाहते म्हणून कुठे जाता येतं?

अमेरिकेत राहत असाल किंवा फ्लोरिडाला पोरांकडे जाणार असाल तर जॅक्सनव्हिलसाठी एक दिवस काढा. रॉनीचं लहानपणीचं छोटं घर शहराच्या पश्चिम भागात आहे. जवळच्या क्ले काउंटीत रॉनी व्हॅन झँट मेमोरियल पार्क आहे: तळं, मासेमारीची सोय, मैदानं, मुलांना खेळायला जागा. मला हे स्मारक सगळ्यात पटतं, कारण त्याच्या आवडीचं काम तिथे रोज चालतं. जॅक्सनव्हिल बीचवर जूडी आणि मुलगी मेलडी यांनी चालवलेलं 'फ्रीबर्ड लाइव्ह' २०१६ मध्ये बंद झालं, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून तिथे जाऊ नका.

मिसिसिपीत अपघाताच्या जागेजवळ २०१९ मध्ये ग्रॅनाइटचं मोठं स्मारक उभं राहिलं. चाहते, वाचलेली माणसं आणि त्या रात्री धावून गेलेले गावकरी यांचा त्यात हात आहे. आजूबाजूची जमीन खाजगी आहे, तेव्हा स्मारकापाशी थांबा, झाडीत शिरू नका.

कबरींवर पैसे, गिटारची पिकं, फुलं ठेवलेली दिसतील. ठेवा, पण तिथलं काहीही उचलून आणू नका.

सत्तरच्या दशकातला खरा टी-शर्ट कसा ओळखायचा?

शंभर टक्के खात्री देणारी एकही खूण नाही, पण काही गोष्टी एकत्र पाहिल्या की अंदाज येतो. बाहीची आणि खालची कड बघा: साधारण नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन टी-शर्टवर एकेरी शिलाई सर्रास असायची, नंतर दुहेरी आली. अर्थात आजही मुद्दाम एकेरी शिलाई घालणारे आहेत. कापड हातात घ्या. त्या काळी सुती-पॉलिस्टर मिश्रण खूप चालायचं, धुऊन धुऊन ते पातळ आणि मऊ होतं. छपाईला बारीक भेगा असणं ठीक, पण सगळ्या भेगा एकसारख्या असतील तर त्या कारखान्यात पाडलेल्या असण्याची शक्यता जास्त. मानेच्या पट्टीवर वेबसाइटचा पत्ता असेल तर विषयच संपला.

'रॉनीने स्वतः घातलेला' असं कुणी म्हणत असेल, तर त्या कपड्याच्या हातोहात प्रवासाची कागदपत्रं मागा: कुणी दिला, कधी दिला, त्याच दिवशीचा फोटो कुठे आहे. नुसत्या सहीच्या प्रमाणपत्रावर पैसे देऊ नका. आणि अपघाताच्या जागेवरून आणलेली वस्तू म्हणून कुणी काही विकत असेल, तर ती खरी असो वा खोटी, घेऊ नका.

घालायला हवा असेल तर नव्या छपाईचा घ्या आणि निवांत वापरा. रॉनीचा टी-शर्टसुद्धा त्याच्यासाठी रोजचा कपडाच होता.

तशी फेल्टची हॅट मागवली, तर मुंबई-कोकणच्या हवेत टिकेल का?

टिकेल, पण पावसाळ्यात जपावी लागेल. फेल्ट म्हणजे सशाच्या, बीव्हरच्या केसांपासून किंवा लोकरीपासून दाबून केलेलं कापड. त्याला दोन शत्रू: बुरशी आणि कसर. हॅट भिजली तर पंख्याच्या वाऱ्यावर सावकाश वाळवा. इस्त्री, हेअर ड्रायर, कडक ऊन नको, काठ आखडतो. खाली ठेवताना काठावर ठेवू नका, उलटी करून माथ्यावर ठेवा. धूळ मऊ ब्रशने केसांच्या दिशेने झटका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद कपाटात टाकून विसरलात तर पांढरी बुरशी येणारच, म्हणून दर आठवड्याला बाहेर काढून वारा द्या. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कागदात गुंडाळून, फेल्टला टेकणार नाहीत अशा. उन्हात उभ्या गाडीत मागच्या काचेजवळ हॅट ठेवणं मात्र सगळ्यात वाईट.

मागवण्याआधी डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, कानांच्या थोडं वरून. हाताने घडवलेल्या हॅटला वेळ लागतो, आणि कस्टम ड्युटी वेगळी धरावी लागते.

कार्यक्रमात लोक 'फ्री बर्ड!' असं का ओरडतात?

१९७६ च्या जुलैत अटलांटाच्या फॉक्स थिएटरमध्ये, ती जुनी वास्तू वाचवण्याच्या मदतीसाठी, स्किनर्डने तीन दिवस कार्यक्रम केले. त्यावरून 'वन मोअर फ्रॉम द रोड' हा अल्बम निघाला. त्यात रॉनी विचारतो, कुठलं गाणं ऐकायचंय? आणि सगळं थिएटर गाण्याचं नाव ओरडतं. पुढे ती हाक कुठल्याही बँडच्या कार्यक्रमात ऐकू येऊ लागली. नव्या, घाबरलेल्या गायकाला उगाच छेडायला ती वापरू नये एवढंच माझं सांगणं.

मी नवीन आहे, सुरुवात कुठून करू?

ऐकण्याआधी बघा. ओकलंड १९७७ ची चित्रफीत शोधा, कारण हॅट, टी-शर्ट, ऊन आणि गाणं सगळं एकाच ठिकाणी मिळतं. मग ऑगस्ट १९७६ चा इंग्लंडमधला नेबवर्थचा कार्यक्रम पाहा, जिथे मुख्य आकर्षण रोलिंग स्टोन्स होते आणि तरी लोक स्किनर्डबद्दल बोलत घरी गेले.

ऐकायला १९७३ चा पहिला अल्बम घ्या. 'सिंपल मॅन' आईच्या उपदेशावर आहे, इंग्रजी कमी कळलं तरी पोचतं. दुसरा अल्बम 'कर्टिस लो'साठी. गिटार शिकत असाल तर 'स्वीट होम अलाबामा' मुख्यतः डी, सी, जी या तीन कॉर्डवर उभं आहे, पण एड किंगने त्यांतून बोटांनी जे विणलंय ते बसवायला बराच सराव लागतो. 'स्ट्रीट सर्व्हायव्हर्स' सगळ्यांत शेवटी घ्या. 'दॅट स्मेल'मध्ये रॉनी आपल्याच मित्रांना, दारू पिऊन गाडी झाडावर घालणाऱ्या रॉसिंग्टनला धरून, नशेपायी मराल असं तोंडावर सांगतो. त्याच अल्बमवर मर्ल हॅगार्डचं एक कंट्री गाणंही आहे, आणि ते गाताना रॉनी इतका खुशीत आहे की आवाजात हसू ऐकू येतं.